हमरापूरचे गणपती आणि न उघडणारं पान

पेणमध्ये आसावरीने संगणकाचा क्लास काढला, तेव्हा मुली टायपिंग शिकायला येत. इंटरनेट हा शब्द नुसता कानावर होता. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात मात्र तिने हमरापूरच्या जगनच्या मूर्तींची वेबसाइट केली. जगनचा कारखाना घरच्याच पडवीत. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी त्याची आई काशीबाई करायची. तिचा हात असा, की बाहुली रेखली की मूर्ती बघायलाच लागायची. ते बारकावे दिसावेत म्हणून आसावरीने सगळे फोटो मोठेच्या मोठे, एकाच पानावर चढवले.

दुबईच्या एका मंडळाला पत्ता कळवला. तिकडून फोन आला, "पान उघडतच नाही हो. कंटाळून बंद केलं."

जगनचा चेहरा उतरला. "ताई, कुठं चुकला आपला?"

आसावरीलाही कळेना. मग लक्षात आलं, आपण ते पान फक्त आपल्याच संगणकात पाहिलंय, फोनच्या लाइनवरून, इंटरनेटवर कधी उघडलंच नाही! तिने जगन आणि काशीबाईला क्लासवर बोलावलं आणि संगणकाला फोन जोडला. मोडेम किंचाळला. चित्र वरून रेघारेघांनी उतरू लागलं. मुकुट आला, कपाळ आलं, आणि लाइनच तुटली.

"डोले येवाचे आदीच बंद परला गो!" काशीबाई हळहळली.

"तारेतून एका वेळी थोडंच येतं, मावशी. आणि मी सगळे गणपती एकदम मागवतेय."

"मंग एकेक आन ना," जगन म्हणाला.

आसावरी कामाला लागली. पहिल्या पानावर छोटी चित्रं. ज्यावर टिचकी मारावी तेवढंच मोठं व्हावं. पण लहान करताना डोळे पुसट झाले. काशीबाईने मान हलवली, "ह्यो माझा गणपती नाय." आसावरीला वाईट वाटलं, पण म्हातारीचं खरं होतं. मग तिने मागची भिंत, पाट, बाजूचे रंगाचे डबे सगळं कापून टाकलं आणि चेहरा तेवढा ठेवला. पुन्हा फोन जोडला. जगनचा चहा संपायच्या आत पान पुरतं उघडलं. काशीबाई पडद्याला नाक लावून बघत राहिली.

"आता कसा बघतंय!" ती म्हणाली.

दुबईच्या मंडळाने मूर्ती निवडली, ती बोटीने गेलीसुद्धा. आणि पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या जोहे गावचे दोन कारखानदार आपल्या मूर्तींच्या फोटोंचे अल्बम काखेत मारून क्लासच्या पायऱ्या चढले.