एर्लिंदाची शिदोरी

अमेरिकी सरकारने मेक्सिकोच्या डोंगरातल्या त्या टोळ्यांना अतिरेकी ठरवलं, ही बातमी एर्लिंदाने रेडिओवर ऐकली आणि इस्त्री बाजूला ठेवून ती गर्रकन माझ्याकडे वळली. अमेरिकेतल्या टूसॉनच्या या लाँड्रीत आम्ही सहा वर्षं शेजारीशेजारी उभं राहून परक्यांचे शर्ट कडक करत होतो, पण तिला इतकं खुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"ऐकलंस का गं, ओतिलिया? शेवटी कुणीतरी त्या मेल्यांना मेले म्हणालं!"

त्या मेल्यांनी मेक्सिकोत, मिचोआकानमधल्या तिच्या गावी तिच्या नवऱ्याला, चानोला, दारातच गोळ्या घातल्या होत्या. टोळीसाठी रस्त्यावर पहारा द्यायला तो नाही म्हणाला, एवढाच त्याचा गुन्हा. नऊ दिवसांचा जप पुरा झाला आणि दहाव्या दिवशी ती सीमेकडे निघाली. आश्रयाचा अर्ज तिने इथे आल्यावर केला. बोलणं तिचं, अक्षर माझं. आता टोळीच अतिरेकी ठरली म्हणजे आपली केस पक्की, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या लाँड्रीला गोड पाव वाटले. मी दोन खाल्ले. आमच्यासारख्या खुळ्या आम्हीच.

वकीलबाई मात्र अर्ज पुढ्यात घेऊन कपाळाला हात लावून बसल्या. त्यात आम्हीच लिहिलं होतं की चानोला मारायच्या आधी हिवाळाभर टोळीची माणसं एर्लिंदाकडे जेवायला यायची.

"अतिरेक्यांना जेवू घालणं ही मदत धरतात, आणि मदत करणाऱ्याला आश्रय नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"मदत? बंदुका ताटाशेजारी ठेवून गिळायचे ते!"

"तेच सांगायचं. धाकाने रांधलं. त्यापुढे एक शब्दही बोलायचा नाही."

सुनावणीला मी मागच्या बाकावर होते. सरकारी वकील तरुण, गोड बोलणारा. अशांचीच मला धास्ती वाटते. किती जण यायचे, काय रांधायचीस, सगळं त्याने आपुलकीने विचारलं. ती धाक, धाक म्हणत राहिली. मग तो म्हणाला, "आणि जेवून झाल्यावर ते रिकाम्या हाताने जायचे?"

एर्लिंदाची मान ताठ झाली. तिच्या घराची अब्रूच कुणी काढली जणू.

"रिकाम्या हाताने कसे जातील, साहेब? माझ्या घरून कुणीच तसं जात नाही. मक्याच्या पोळ्या, थोडी उसळ, दोन मिरच्या, फडक्यात बांधून द्यायचे मी. पुढे डोंगर चढायचा असतो."

"त्यांनी मागितलं होतं?"

"शिदोरी कोण मागतं? ती द्यायची असते."

वकीलबाईंनी लगेच दहा मिनिटं मागून घेतली. बाहेर आल्यावर मी तिचा दंडच धरला. "आत जा आणि सांग, घाबरून दिली म्हणून. काय जातंय तुझं?"

"घाबरलेली होतेच की मी."

"मग झालं तर!"

"पण शिदोरी काही भीतीने नाही बांधली, ओतिलिया. आईने सवय लावली तशी बांधली. याच तोंडाने शपथ घेऊन मी चानोचं सांगितलं. आता तिथेच खोटं बोलले, तर चानोचं कोण खरं मानेल?"

ती आत गेली आणि तेच पुन्हा सांगितलं. मला तिच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. खोटं कशाला बोलू, आजही वाटते.

निकाल अकरा पानांचा होता. वकीलबाईंनी तो आम्हाला समजावून सांगितला. साक्षीदार प्रामाणिक आहे, असं न्यायाधीशांनी दोनदा लिहिलं होतं. चानोचा खून त्यांनी खरा मानला. तिची भीती खरी मानली. आणि तितकीच खरी मानली ती शिदोरी, जी तिने अतिरेक्यांना कुणी न सांगता, आपखुशीने दिली. म्हणून आश्रय नाही. तिला परत धाडायचं, त्याच देशात, जिथे चानोला मारणारे मोकळे फिरताहेत.

निकालानंतर तिला कोठडीत टाकलं होतं; परत धाडायच्या आदल्या दिवशी मी तिथे भेटायला गेले. मध्ये जाड काच, दोन्हीकडे फोन. मी वेड्यासारखी रडत होते. ती कोरडीच होती.

"एक विचारू का गं?" ती म्हणाली. "अर्जात आपण चानोला मारणाऱ्या चौघांची नावं दिली होती. बापाच्या नावासकट. नव्या कायद्याने त्यांना धरलं का?"

मी वकीलबाईंना हे आधीच विचारलं होतं. त्या नावांची चौकशी कुणी कधी केलीच नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

"मग धरलं कुणाला?"

मी काचेवर बोट टेकवलं, तिच्या चेहऱ्यासमोर. तिला कळायला थोडा वेळ लागला.