ताणाच्या कामासाठी एसी

संकट आलं की प्रत्येक जीव आपला खरा रंग दाखवतो. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात हे वाक्य मी तीस वर्षं गंभीर चेहऱ्याने म्हणत आलो. एक हिरवं शेवाळ त्याला उदाहरण म्हणून बरं पडतं. ऊन वाढलं, अन्न संपलं की त्याच्या पेशी पोहणं सोडतात, जाड कवच चढवतात आणि लाल होतात. पण तो खरा रंग नव्हेच. नागपुरात मे महिन्यात आपण तोंडाला दुपट्टा बांधतो, तसला बंदोबस्त आहे तो.

माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीचा सगळा प्रबंध या लाल होण्यावर होता. शेवाळाचा एक चंबू उन्हात, उपाशी; आमच्या भाषेत ताणाखाली. दुसरा गारव्यात, खाऊनपिऊन हिरवा. दुसरा हिरवा राहिला नाही, तर पहिल्याच्या लाल होण्याला काही अर्थ नाही. तिची शेवटची मुदतवाढ जूनअखेर संपत होती.

गारवा यायचा तो प्रयोगशाळेतल्या चाकांवरच्या एसीतून. पाहुणे आले की तो ढकलत सभागृहात न्यायची आमच्याकडे पद्धत. म्हणून मी आधीच अर्ज दिला : ‘ताणाच्या कामासाठी एसीची नितांत गरज आहे.’ शेवाळ हा शब्द लिहायचा राहून गेला.

त्याच आठवड्यात प्राध्यापकांसाठी ताण-व्यवस्थापनाची पाच दिवसांची कार्यशाळा होती. कार्यालयाने माझा अर्ज त्या फाइलला लावला आणि तत्परतेने मंजूर केला. मुलगी बहिणीच्या लग्नाला भिवापूरला गेली होती. मी पाचही दिवस सभागृहात पुढच्या रांगेत बसलो. हवा छान गार होती. ती कुठून येते, हे मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी प्रयोगशाळा उघडली, तर दोन्ही चंबू लाल.

“तुमच्याच अर्जावर नेला जी एसी,” आमचे म्हातारे परिचर म्हणाले. “मले वाटलं, तुमालेच गरमी होऊन राहिली.”

लग्नाहून परतलेली मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती.

“रडून काहून राहिली वं बाई?”

“रडून नाही राहिली काका. घाम आहे.”

“घाम डोळ्यातून येते काय?”

मी तिला अर्जाचं आणि कार्यशाळेचं सांगून टाकलं. तिने चेहरा पुसला. मग म्हणाली, “सर, कार्यशाळेत काय शिकवलं?”

“दीर्घ श्वास घ्यायला.”

एसी परत आला, पण पाच दिवस अखंड चालून बिघडला होता. तेव्हा परिचरांनी तिला स्टोअरमधल्या कूलरपाशी नेलं. “टाकीत हात घालून पाह्य.” पाणी गार होतं. थर्मामीटरने आम्हाला हवा तोच आकडा दाखवला. दुसऱ्या चंबूतल्या लाल पेशींना ताजं खाद्य देऊन तो टाकीत उभा केला, वर ट्यूबलाइट टांगली. परिचर रोज सकाळी टाकी भरत आणि शिव्या देत. तिसऱ्या आठवड्यात चंबू हिरवा झाला. प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी गेला.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पेन उघडून विचारलं, “तापमान कोणत्या उपकरणात राखलं?”

“कूलरमध्ये, सर.”

“कंपनी?”

“लोकल आहे सर. महालच्या बाजारातला.”

त्यांनी कंपनीच्या रकान्यात ‘लोकल’ असं लिहून घेतलं.