उजवा कौल

नाना गेला असा फोन आला तेव्हा मी पालीच्या बाजारात फणस वाजवून बघत होतो. आमच्या झाडांचे सगळे कापे, घट्ट गऱ्यांचे, आणि नानाला लागतो मऊ बरका. तोंडातून निघालं ते हे, "असं कसं? कौल तर उजवा पडलाय!" पलीकडे वहिनी नुसत्या रडत होत्या. महिना उलटला, पण डोक्यातला गुंता काही सुटत नाही.

तुम्ही त्याला विज्ञानकथा लिहिणारा म्हणून ओळखता. त्याची यानं परदेशात कधी उतरली नाहीत. उतरली ती आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर, उघड्या कातळावर, आणि परग्रहावरच्या पाहुण्यांशी गावकरी आधी काय करायचे, तर हद्दीवरून भांडायचे! ती भांडणं माझी, बरं का. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागला आणि मी आंब्याची बाग बघायला लागलो. पण प्रत्येक गोष्ट तो आधी मला वाचून दाखवायचा, त्याच्या पडवीत, चहाच्या वेळेला. "तुला कळली म्हणजे कुणालाही कळेल," म्हणायचा मेला. आणि गोष्ट ऐन रंगात आली की कागद मिटायचा. "शेवट उद्या." मी शिव्या घालत घरी यायचो आणि दुसऱ्या दिवशी चारच्या आत पुन्हा हजर.

देवावरून मात्र आमचं जन्मात जमलं नाही. मी मुलीच्या लग्नापासून विहिरीपर्यंत सगळ्याला ग्रामदेवीचा कौल लावणार. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नाना हसायचा. "अरे, पाणी सुकलं की कळी पडते. त्याला देवी कशाला हवी?" मी चिडायचो... आणि माझं ते चिडणंही तो गोष्टीत घालायचा.

त्याच नानाने शेवटच्या दुखण्यात माझा हात धरला. "बापू, माझ्यासाठी कौल लाव."

मला वाटलं, थट्टा करतोय. डोळ्यांत बघितलं, थट्टा नव्हती... की होती? "प्रश्न काय?" म्हटलं.

"तो राहू दे माझ्यापाशी. तू उजवा की डावा तेवढं येऊन सांग."

गुरव ऐकेना. "बिनप्रश्नाचा कौल कसा लावू, बापूकाका?" शेवटी 'नानाच्या मनात आहे ते' असं त्याने गाऱ्हाणं घातलं. पण माझ्या मनात एकच होतं, आई, नाना बरा होईल ना? उजवी कळी पडली. परत येताना मी रिक्षात बसून रडलो, आनंदाने.

नानाला सांगितलं. तो हसला. इतका निवांत मी त्याला त्या दुखण्यात बघितला नव्हता. "आता तरी सांग, काय विचारलंस!" तर म्हणतो, "उद्या." दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पालीला निघालो. बरा होतोच आहे, तर बरका फणस खाईल म्हणून.

देवीने कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलं? माझ्या, म्हणावं तर देवी खोटी पडते. त्याच्या, म्हणावं तर जन्मभर भांडला तो नाना कोण होता? या दुखण्यातून एकदाचा सुटेन का, असं विचारलं होतं का त्याने? की जाता जाता माझ्यावरच एक गोष्ट रचली? यातलं काहीही मला सोसत नाही.

चार वाजले की पाय अजून तिकडेच वळतात. त्याच्या आरामखुर्चीसमोर पडवीत बसून राहतो. परवा वहिनी म्हणाल्या, "भावजी, उन्हातान्हाचे रोज कशाला येता?"

"शेवट राहिलाय हो, वहिनी," म्हटलं.