मामंजींचे तांबडे मासे

लग्न होऊन मी जळकोटला आले, तेव्हा त्या घरात बाईमाणूस म्हणून मी एकटीच होते. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. घरात माझे मालक, मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मामंजींचं कापडाचं दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, डोक्याला रुमाल, आणि तोंडातून शब्द म्हणून नाही. जेवतानासुद्धा हवं-नको ते हातानं खुणावत. मला वाटायचं, मी त्यांना पसंत पडले नाही. मालक म्हणायचे, "तसं न्हाय गं. आई गेल्यापासून ते असंच करत्यात."

मोगलाईचे, म्हणजे निजामाचे दिवस होते. माल आणायला मामंजी हैदराबादला जायचे. एकदा ते परत आले ते छातीशी एक मडकं धरून. कापडाचे गठ्ठे हमालानं उतरवले, पण मडकं त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही. तोंडावरचं ओलं फडकं सोडलं तर आत तीन मासे. तांबडेलाल, सोन्याची झाक असलेले. हैदराबादच्या एका अत्तरवाल्या दोस्तानं आपल्या अंगणातल्या हौदातून काढून दिले होते. का, ते मामंजींनी सांगितलं नाही.

लिंगायताच्या घरात मासे आले ही बातमी गल्लीभर झाली. शेजारीण आमच्या दाराशी येऊन हळूच म्हणाली, "अगं बया, आता शेटजींच्या चुलीवर काय चढतंय?"

मामंजींनी दुकानातली मोठ्या तोंडाची काचेची बरणी आणून ओसरीवर ठेवली आणि मासे तिच्यात सोडले. त्यांची निगा म्हणजे पूजाच. रोज सकाळी सगळं पाणी ओतून द्यायचं, बरणी राखेनं लख्ख घासायची आणि तांब्याच्या हंड्यातलं रात्रभराचं पाणी भरायचं. तांब्याचं पाणी औषधी, असं त्यांचं मत. वर ज्वारीच्या भाकरीचा चुरा. मासे खातील तेवढा खात, बाकीचा तळाशी फुगून बसे.

आणि एक दिवस दळण आवरून मी ओसरीकडे गेले, तर आतून मामंजींचा आवाज आला. ते कुणाशी तरी कानडीत बोलत होते. मी दाराआड थांबले. ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. बरणीशी वाकून ते माशांना विचारत होते, "ऊट आय्ता?" जेवण झालं का, म्हणून.

मालकांना सांगितलं तर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आई आळंदकडची, कानडी मुलखातली. ते दोघं आपसात कानडीच बोलायचे. मला वाटलं, आता त्यांच्या तोंडून ते कधी ऐकायला मिळायचं न्हाय."

त्याच आठवड्यात एक मासा मेला. सकाळी आडवा होऊन तरंगत होता. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. उरलेल्या दोघांतला एक पाण्याच्या वर तोंड काढून सारखा आ वासत होता. मामंजींनी पुन्हा बरणी घासली, पुन्हा हंड्यातलं पाणी भरलं. मासा आणखीच मलूल झाला.

माझं माहेर बोरी नदीच्या काठचं. डोहातले मासे बघतच मी मोठी झाले. पण सासऱ्यांपुढं तोंड कसं उघडावं? शेवटी पदर सावरून दाराच्या चौकटीशी उभी राहिले.

"मामंजी, एक बोलू का?"

त्यांनी मान वर केली.

"आमच्या डोहाचं पाणी हिरवंगार असतंय. ते कुणी बदलत न्हाय, तरी मासे मजेत राहत्यात. अन् तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतंय की न्हाय? तसं हे पाणी माशाला बाधत असंल. राखेनं घासल्यावर भांडं बुळबुळीत लागतंय, तेबी त्यांच्या अंगाला झोंबत असंल."

मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी बरणीच्या पाण्यात बोटं बुडवून चोळून बघितली. मग म्हणाले, "मंग काय करावं म्हणतेस?"

माझ्याशी बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

परसात गुरांच्या पाण्याची एक दगडी डोण रिकामीच पडली होती. ती आम्ही पडवीच्या सावलीत घेतली. आडाचं पाणी मातीच्या रांजणात काढून निवू दिलं. आमच्या आडाचं पाणी फार जड. त्यात डाळ शिजता शिजत नसे आणि भांड्यांना पांढरा थर धरे. म्हणून पावसात पागोळीखाली धरलेलं पाणी त्यात निम्मं मिसळलं. मालकांनी ओढ्यातून शेवाळ आणि पाणवनस्पती आणून दिल्या. बरणीतलं जुनं पाणीही त्यात घातलं आणि मग मासे सोडले. आ वासणारा मासा दुसऱ्या दिवशी खाली शेवाळात शिरला.

पुढं आमचा नेमच झाला. एका वेळी थोडंच पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. मामंजी ओंजळीत पाणी घेऊन वास घेत, बोटांवर चोळून बघत. चुरा चिमटीएवढाच टाकत. नव्या पाण्याला "होस नीर" म्हणतात, जुन्याला "हळे नीर", हे त्यांनीच मला शिकवलं. माझा उच्चार चुकला की हसत.

मग गावात पटकीची साथ आली. सरकारी माणूस आला आणि त्यानं आडा-विहिरींत लाल औषध टाकलं. "घबराओ मत, दवा है," असं दारोदार सांगून गेला. पाणी गुलाबी झालं. माणसांसाठी ते चांगलंच होतं, आम्ही तेच उकळून पीत होतो. पण डोणीत ते कसं घालावं? उन्हानं डोणीतलं पाणी आटत चाललेलं, त्याला वास सुटलेला. आमच्या मळ्यातल्या विहिरीत औषध पडलं नव्हतं.

मालक दुकानात अडकले होते. मामंजी म्हणाले, "चल, आपण जाऊ."

ते पुढं, मी मागं. परत येताना भरलेली घागर त्यांच्या खांद्यावर होती आणि कळशी माझ्या डोक्यावर. पेठेतल्या लोकांनी गादीवरून उठून बघितलं. एक जण म्हणाला, "शेटजी, घरात गडी न्हाय का?"

"हाय की," मामंजी म्हणाले. "पण मासे माझे हायत."

पेठ संपल्यावर ते थांबले, घागर दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझी सासू असती तर लई हसली असती. तिला वाटायचं, मला नुसतं कापड मोजता येतं." मग घर येईस्तोवर ते तिच्याबद्दलच बोलत होते. तिला हुरडा किती आवडायचा, ती रागावली की कानडीतून मराठीत कशी यायची. कळशीचं पाणी हिंदकळून माझा खांदा भिजला होता.

पुढच्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी गेले. जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीवानांकडून मामंजींचे निरोप यायचे. पाण्यावर साय धरलीय, काय करू? मी सांगून पाठवायची, चुरा बंद करा, थोडं पाणी काढा. बारशाला ते आले ते सगळ्या सोयऱ्यांसमोर सरळ माझ्यापाशी येऊन म्हणाले, "दोघंबी खुशाल हायत." माझी आई बावरली. तिला वाटलं, घरी कोण आजारी होतं?

ते मासे मोगलाई संपल्यानंतरही काही काळ जगले. आधी एक गेला, मग दुसरा. मामंजींनी नवे आणले नाहीत. डोण मात्र रिकामी केली नाही. माझी मुलगी चालू-बोलू लागली तेव्हा तिचं बोट धरून ते तिला डोणीपाशी न्यायचे आणि शेवाळातून वर येणारे बुडबुडे दाखवायचे. ती त्यांना कानडीत काहीबाही विचारायची, आणि ते तिला सविस्तर उत्तरं द्यायचे.