सातव्या खिळ्यावरची किल्ली

नोकरीची शेवटची वर्षं मी देवळाली कॅम्पला होतो. सुभेदार. स्टोअरचा चार्ज माझ्याकडे. प्रत्येक वस्तूला कुलूप, प्रत्येक किल्लीला बोर्डावर खिळा. माझ्या काळात सुईसुद्धा गहाळ झाली नाही, हे आजही छातीठोकपणे सांगतो.

हवालदार सोनवणे सटाण्याकडचा. जवानांना आग विझवायला तोच शिकवायचा. "पहिले दखा, काय जळी ऱ्हायनं!" म्हणजे आधी बघा काय जळतंय, हा त्याचा पहिला धडा. लाकूड-कागद पेटला तर पाणी. तेलावर किंवा विजेवर पाणी मारणारा गाढव.

रिटायर होऊन दोघंही नाशकातच राहिलो. दोन हजार सालानंतर मी जुनी मारुती घेतली. 'तुला स्वतःच्या गाडीतून वणीच्या देवीला नेईन,' असं लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत बायकोला बोलून बसलो होतो. तिनं इतकी वर्षं वाट पाहिली. गप्प बसून पाहिली असं मात्र नाही.

अग्निशामक घ्यायला सोनवणेला नेलं. दुकानदार भलामोठा सिलिंडर गळ्यात मारायला बघत होता. सोनवणेनं ऐकलं नाही. घराला एबीसी पावडरचा, म्हणजे लाकूड, तेल, वीज सगळ्या आगींना चालणारा, स्वयंपाकघराच्या दाराशी; गॅसच्या डोक्यावर अजिबात नाही. गाडीला त्याच पावडरचा छोटा, ड्रायव्हरच्या सीटखाली. आयएसआयचा शिक्का बघितला, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे हे बघितलं, मग पिशवीत टाकला.

सीटखाली मीच बसवला. पण गाडी रस्त्यावर उभी राहणार, चोरांचं काय? साखळी घातली, कुलूप ठोकलं, किल्ली घरच्या बोर्डावर.

"अहो, आग लागली तर?" बायको म्हणाली.

"आधी मला रिपोर्ट कर. मी किल्ली इश्यू करतो."

वणीला निघालो. बायको पैठणीत, मागे सोनवणे, त्याच्या मांडीवर देवीचा नारळ. पंचवटी ओलांडताना बॉनेटमधून धूर. वायर जळाल्याचा वास. मी इंजिन बंद केलं.

"सगळे खाली!"

एक भाजीवाला बादली घेऊन धावला. "पाणी नको हो! वायर जळतीये!" बायको कडाडली. सोनवणेनं सीटखाली हात घातला आणि थबकला.

"सायेब, कुलूप?"

"हो."

"किल्ली?"

"बोर्डावर. सातव्या खिळ्यावर."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की बॉर्डरवर कधी एवढा घाबरलो नव्हतो.

सोनवणेनं नारळ कुलपावर हाणला. नारळ फुटला. कुलूप मी निवडलेलं, ते कशाला फुटतंय! शेवटी जॅकच्या दांड्यानं साखळी तोडली, बॉनेट जरासं उचललं आणि फटीतून पावडर मारली. आग विझली. भाजीवाल्याची मेथी, बायकोची पैठणी, सोनवणेच्या मिशा, सगळं पांढरंफटक.

"सायेब," तो खोकत म्हणाला, "आग किल्लीनी वाट दखत नही."

वणीला त्या दिवशी एसटीनं गेलो. गाडी दुरुस्त झाल्यावर पुन्हा गेलो, तिघंही, नवा नारळ घेऊन. बायको वाटभर खिडकीतून बघून हसत होती. हे सोनवणेमुळे झालं.

पुढे सोनवणे अचानक गेला. हार्ट अटॅक. त्याच मारुतीनं सटाण्याला गेलो आणि त्याच्या गावच्या घराच्या अंगणात लहान पोरासारखा रडलो. अजून आठवण येते त्याची.

सीटखालचा सिलिंडर त्यानंतर दोनदा चोरीला गेला. दोन्ही वेळा तस्साच नवा आणला, बिनकुलपाचा ठेवला.

"परत गेला?" बायकोनं विचारलं.

"जाऊ दे," मी म्हणालो. उभ्या जन्मात स्टोअरच्या वस्तूबद्दल हे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते.