मावशींनी चिरलेलं तांबडं पिलू

किकवी गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशी सकाळी खुराडं उघडलं की आधी कोंबड्यांची शिट काडीनं उकरून बघतात. चहा त्यानंतर. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं : "बघितल्याबिगर म्या सांगायची न्हाई."

त्यांनी मला आठ गावठी पिलं दिली होती. महिन्याभरात ती पंख सोडून पेंगायला लागली, दोन मेली. मावशींनी एक मेलेलं पिलू कागदावर घेऊन ब्लेडनं त्याचं आतडं चिरलं. आत शेवयांसारखे पांढरे जंत.

"तुमच्या अंगणाची माती खराब हाय, ताई," असं फटकन म्हणून त्या निघून गेल्या. मला राग आला.

दुसऱ्या दिवशी त्या जंताचं औषध घेऊन आल्या. दुसऱ्या हातात त्यांचंच एक पिलू होतं, पोट चिरलेलं. काल कुंपणावर उड्या मारणारं ते तांबडं पिलू मी ओळखलं.

"ह्याच्यातबी तेच निघाले. माझ्याकडनंच आल्यात जंत. काल म्या घरचं न बघताच बोलले."

औषध त्यांनी आधी माझ्या पिलांना पाजलं, मग स्वतःच्या. माझी उरलेली सहाही जगली.

पण एक शब्द मागं घ्यायला जितं पिलू चिरणाऱ्या बाईंशी बोलताना मी अजून जपूनच बोलते.