एका डोळ्याने धावड्याला

"समस्त वृद्ध निवासींना जाहीर कळविण्यात येते, की आज चहापूर्वी त्यांना एकेक करून आपापल्या गावी नेण्यात येईल. सामान घेऊ नये. फक्त एक डोळा आणावा!"

जालन्यातल्या वृद्धाश्रमाच्या ओट्यावर उभं राहून मी ही दवंडी दिली. नव्वदच्या दशकात मी जुन्या जालन्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. लग्नं नसली की आश्रमातल्या म्हाताऱ्यांची गावं टिपून आणायची आणि कॅमेऱ्याच्या बारक्या भिंगातून त्यांना दाखवायची, हा माझा खेळ. टीव्हीसमोर सगळे ढिम्म बसत. भिंगाला डोळा लावला की मात्र माणूस थेट तिथं पोचायचा. एका आजोबांनी तर आतल्या कुत्र्याला हाड केलं.

धावडा गावच्या आजी म्हणाल्या होत्या, "ओसरीवरची माझी बाज तेवढी आण ह्या डब्यात." घराचं काम झालं की नेतो, बाज तशीच ठेवलीय, असं मुलानं त्यांना सांगितलं होतं. बाज आहे म्हणजे घरात जागा आहे, एवढाच त्यांचा हिशोब.

मी गेलो, तर बाज नव्हती. तिच्या जागी मुलाची फटफटी. "मोडली ती. चुलीत गेली," तो खाली बघत म्हणाला.

लग्नाच्या शूटिंगमध्ये उणं काही दिसू द्यायचं नाही, ही माझी सवय. फटफटी अंगणात काढली, शेजारणीची नवारीची बाज मागून आणली, वर गोधडी अंथरली आणि टिपलं. स्वतःवर भलताच खूश होतो.

आजींनी डोळा लावला. गोठा दिसावा म्हणून त्या कॅमेऱ्यासकट डावीकडे वळल्या. वायर सांभाळत मीही वळलो. मग त्या थांबल्या.

"ही तर शेजारणीची बाज. ती जित्तेपणी कोणाला टेकू देत न्हाई. गेली का रे ती?"

हो म्हणावं, तर एका धडधाकट बाईला मारावं लागत होतं. शेवटी सगळं सांगून टाकलं: बाज जळली, तिथं आता फटफटी असते.

आजी भिंगावरून डोळा काढेनात. कॅसेट संपली होती, आत नुसता काळोख होता.

मग एकदम म्हणाल्या, "झाकून तरी ठेवतो का फटफटीला? थंडी लई पडून राह्यली."